आडवी झालेली गाडी

जुनी स्पोर्ट्स मोटारसायकल विकणारा खोटं बोलत नाही हो. त्याची गाडी कधी ‘पडलेली’ नसते. फार तर ‘उभ्या उभ्या आडवी झालेली’ असते! १८७२ चा करार कायदाही म्हणतो, की नुसतं गप्प बसणं ही एरवी फसवणूक नव्हे. म्हणून मी गाडीलाच विचारतो. हँडल, फूटरेस्ट, लिव्हर. घासलेली टोकं चहाडी करतात. जुन्या गाडीवर नवंकोरं फेअरिंग म्हणजे तर साठीतले काळेभोर केस! पण किंचित वाकलेला फोर्क? तो मंडईत जाताना गप्प असतो आणि कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर, ऐन वळणात बोलतो. मग विकणाऱ्याचं मौन कुणाच्या हाडांच्या खाती मांडायचं? एकाला मी हेच विचारलं. त्याने किंमत दोन हजारांनी उतरवली. उत्तर दिलं नाही.