देवक न उठवलेली वास्तू

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर रुग्णालयांची जी दाटी आहे तिच्यातून वाट काढीत, हातात एक्स-रेचे लांबरुंद लिफाफे आणि जेवणाचे डबे घेऊन चाललेल्या परगावच्या माणसांच्या सोबतीने जो हाफकिन संस्थेच्या फाटकापाशी येतो, त्याला झाडांच्या आड उभी असलेली ती जुनी इमारत पाहून हे एखादे सरकारी दप्तर असावे, किंवा फार तर कोणा गतकालीन साहेबाचा वाडा असावा, एवढेच वाटते. आणि त्याचे हे दोन्ही तर्क खरेच आहेत. परंतु दप्तराच्या आधी वाडा आणि वाड्याच्याही आधी प्रार्थनामंदिर अशी ह्या वास्तूची चढती भाजणी आहे, आणि चर्चची जुनी इमारत पाडावी की दुसऱ्या कामाला लावावी, हा जो प्रश्न आज युरोपात गावोगाव विचारला जात आहे, त्याचे एक उत्तर आपल्या परळात, कोणी प्रश्न विचारण्यापूर्वीच, तीनशे वर्षांमागे देऊन ठेवलेले आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर 1673 मध्ये मुंबईस आला, आणि त्याने केलेल्या बेटाच्या वर्णनात परळचे चर्च व त्याला लागून असलेली जमीन यांचा उल्लेख सापडतो. ही मिळकत तेव्हा जेझुइट पाद्र्यांच्या वहिवाटीत होती. मुंबई इंग्रजांच्या हवाली करणाऱ्या 1661 च्या तहनाम्यात येथील रोमन कॅथलिक रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा लिहून दिलेली होती खरी. परंतु तहनाम्यातील कलम आणि गव्हर्नरचा संशय यांची गाठ पडली म्हणजे कलमाने माघार घ्यावी असा राजकारणाचा रिवाजच आहे. पोर्तुगीज पाद्री शेजारच्या पोर्तुगीज मुलखाशी संधान बांधून आहेत असा कंपनी सरकारचा वहीम होता. 1719 च्या सुमारास, चार्ल्स बून गव्हर्नर असताना, परळची वास्तू सरकारजमा झाली, आणि 1720 मध्ये पोर्तुगीज पाद्र्यांना बेटाबाहेर काढून त्यांच्या जागी कार्मेलाइट पंथाचे धर्मोपदेशक बोलावण्यात आले.

पुढे विल्यम हॉर्नबी हा 1771 मध्ये गव्हर्नर झाला, आणि हवा उत्तम म्हणून परळास राहू लागला. चर्चचा मूळ सांगाडा कायम राखून खाली मेजवानीचे दालन आणि वर नाचाचा दिवाणखाना अशी त्याची वाटणी झाली. 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईस आले तेव्हा त्यांचा मुक्काम येथेच होता. मग गिरण्यांची धुराडी चहूबाजूंनी उठली, हवा बिघडली, 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने वारल्या, आणि लाटसाहेबांचे बिऱ्हाड मलबार पॉइंटवर हलले. रिकाम्या पडलेल्या त्या वास्तूत 1899 च्या ऑगस्टमध्ये डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा थाटली गेली, आणि 1925 पासून संस्थेस त्यांचेच नाव आहे.

आता प्रश्न असा की, ह्यात चर्चचे काय झाले? भिंती तर राहिल्या. पाडून टाकण्यापेक्षा हे बरेच झाले, असे पुरातत्त्वाचा अभिमानी म्हणेल, आणि मीही काही अंशी तसे म्हणेन. पण काही अंशीच.

आपल्याकडे लग्नकार्यात आधी देवक बसवतात, आणि कार्य सिद्धीस गेले की ते उठवतात. देवक उठल्याखेरीज मांडवाच्या एकाही मेढीला हात लावायचा नाही, हा दंडक ज्याने मोडला असे घर माझ्या पाहण्यात नाही. मंदिराचा जीर्णोद्धार करायचा असला तरी शास्त्र हेच सांगते: मूर्तीतील दैवी कला आधी मंत्रपूर्वक जलकलशात आणाव्या, आणि मगच पाषाणावर टाकी चालवावी. दहा दिवस ज्या मूर्तीपुढे लाखो माणसे तिष्ठत उभी राहतात, ती मूर्तीही लालबागकर अकराव्या दिवशी समुद्राच्या स्वाधीन करतात, आणि त्यात देवाचा अवमान झाला असे कोणास स्वप्नातही वाटत नाही. देव आणि देवाचे अधिष्ठान यांत भेद करण्याची ही सवय आमच्या अंगवळणी इतकी पडलेली आहे की, तिच्यामागे केवढे तत्त्वज्ञान आहे ह्याचा विचारही आम्ही करीत नाही.

माझ्या लहानपणी आम्ही गिरगावातील चाळीतली खोली सोडली, तेव्हा जिथे देव असत तो भिंतीतला कोनाडा रिकामा झाला. समईच्या ज्योतीने त्याची कमान काळीभोर झालेली होती, आणि खाली तेलाचा एक वाटोळा डाग होता. खोली पाहायला आलेल्या बाईंनी जरा चाचरत आईला विचारले, "वहिनी, ह्यांचं दाढीचं सामान इथं ठेवलं तर चालेल ना?" आई म्हणाली, "ठेवा की हो. देव आम्ही बरोबर नेलेत. ती काजळी मात्र चुन्याचे दोन हात दिल्याशिवाय जायची नाही." धर्मशास्त्राचे मोठाले ग्रंथ मी पुढे वाचले, पण प्रस्तुत विषयावर ह्याहून नेमके विधान मला त्यांत आढळले नाही.

कॅथलिक धर्मसंस्थेचा कायदाही ह्या बाबतीत आईच्या बाजूने आहे, हे मला फार उशिरा कळले. 1983 च्या संहितेतील 1222 वे कलम म्हणते की, एखादे चर्च उपासनेस योग्य राहिले नाही आणि त्याची दुरुस्तीही शक्य नसली, तर बिशपला ते लौकिक उपयोगासाठी मोकळे करता येते, मात्र तो उपयोग हीन नसावा. नवा उपयोग उदात्त असलाच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही; ग्रंथालय काढा, वस्तुसंग्रहालय काढा, धान्याचे कोठार केले तरी चालेल, पण ओंगळ काही नको, एवढीच त्याची अट. हॉलंडमधील मास्त्रिख्त गावी डोमिनिकन पंथाच्या जुन्या चर्चमध्ये पुस्तकांचे दुकान आहे. जुन्या गोव्यातील फ्रान्सिस्कनांच्या मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. ह्याउलट त्याच गोव्यात 1835 मध्ये सरकारने मठवासीयांचे संघ बरखास्त केल्यावर ऑगस्टिनियनांचे भव्य चर्च धन्यावाचून तसेच पडून राहिले, सात वर्षांत त्याचे छत कोसळले, आणि आज तेथे घंटाघराचा एक दुभंगलेला मनोरा तेवढा उभा आहे. नवा धनी न मिळणे हीदेखील पाडापाडीचीच एक संथ तऱ्हा आहे.

पण कायद्याचे हे सौजन्य आधारलेले आहे ते कलम वापरणाऱ्या हातावर. देवक उठवायचे तर ते यजमानाने. परळास यजमानाला विचारलेच कोणी नाही. तेथे घंटा उतरली ती धर्मगुरूच्या शब्दाने नव्हे, शिरस्तेदाराच्या कागदाने. आणि वेदीच्या जागी जेव्हा मेज मांडले गेले तेव्हा ज्यांच्या बापजाद्यांनी त्या वेदीपुढे गुडघे टेकले होते ती कोळी-भंडारी कुळांतील ख्रिस्ती माणसे त्याच बेटावर हयात होती. नाचघर हा उपयोग हीन होता काय, ह्याविषयी दुमत होऊ शकेल (इंग्रजांना तसे वाटले नसावे). परंतु जप्ती हा विधी नव्हे, ह्याविषयी होऊ नये. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचे चर्च 1453 मध्ये मशीद झाले, 1934 च्या ठरावाने ते संग्रहालय झाले, आणि 2020 मध्ये पुन्हा मशीद; प्रत्येक वेळी इमारत वाचली, आणि प्रत्येक वेळी कोणाच्या तरी मनात सल राहिला. आपणही ह्या बाबतीत अगदी सोवळे आहोत असे नाही. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई सर केल्यावर तेथल्या चर्चच्या घंटा मराठी फौजेबरोबर घाटावर आल्या. त्यांतील एक वाईजवळ मेणवलीस, नाना फडणविसांच्या वाड्याखाली कृष्णेच्या घाटावर टांगलेली आहे, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी स्पष्ट दिसते. ती मूर्ती कानशीने घासून टाकावी असे एकाही पुजाऱ्याला वाटले नाही, ह्याचे मला कौतुक आहे. पण वसईच्या माणसाला त्या घंटेचा नाद कसा ऐकू येत असेल, हा विचार ते कौतुक पुरे होऊ देत नाही.

दादरला परळच्या नेमके उलट घडले. गोखले रोडवरचे, ज्याला ट्रामच्या काळापासून सगळे नुसते पोर्तुगीज चर्च म्हणतात, ते 1596 पासूनचे. त्याची जुनी इमारत गेली, आणि 1970 च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी त्या जागी अंगणे व प्रार्थनेची दालने एकमेकांत गुंफून, वर काँक्रीटची निमुळती छपरे चढवून नवी वास्तू उभारली. जुनी इमारत राखायला हवी होती असे हळहळणारे लोक मला भेटले आहेत, आणि दगडाविषयीचे त्यांचे प्रेम मला समजते. परंतु रविवारी सकाळी त्या अंगणात जी गर्दी उसळते ती पाहिल्यावर मोडले काय आणि टिकले काय, ह्याचा हिशेब निराळा मांडावा लागतो. एक्लेसिया ह्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी सभा, जमलेली माणसे. दादरला भिंती गेल्या आणि सभा राहिली, परळास सभा गेली आणि भिंती राहिल्या. दादरचे लोक आपल्या हाताने मांडव मोडून नवा घालीत होते, म्हणून तेथील पाडकाम मला परळच्या जतनापेक्षा अधिक धार्मिक वाटते.

मुंबईत चर्चे ओस पडलेली नाहीत; माहीमला बुधवारच्या नोव्हेनाची रांग ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगायला नको. आमच्याकडे दगडाचा शत्रू नास्तिक नाही, जमिनीचा भाव आहे. ज्या गिरण्यांच्या धुराने लाटसाहेबांना पळवले त्याच गिरण्यांच्या जागी आता काचेचे मनोरे उभे आहेत, आणि फिनिक्स मिलचे धुराडे बाजाराची शोभा म्हणून राखलेले आहे. ते राखले हे ठीकच. तरी त्या धुराड्याचे देवक कोणी उठवले, हे लालबागच्या एखाद्या वृद्ध गिरणीकामगाराला विचारून पाहावे.

आणि तरीही परळच्या वास्तूची कथा मला जप्तीपाशी थांबवता येत नाही. हाफकिन हे ओडेसाचे ज्यू; तरुणपणी शास्त्राचे आणि उत्तरायुष्यात पूर्वजांच्या कर्मठ धर्माचे कैवारी, इतके की आपली सर्व मालमत्ता त्यांनी यहुदी धर्मपाठशाळांना दिली. 1897 च्या 10 जानेवारीस त्यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ती तयार करण्याची रीत मोठी पाहण्यासारखी होती. हिंदूंना गाईचे आणि मुसलमानांना डुकराचे वर्ज्य, म्हणून रस बकऱ्याच्या मांसाचा. त्यावर तुपाचे काही थेंब तरंगत ठेवायचे. प्लेगचे जंतू त्या तुपाच्या थेंबांना खालून धरून वाढत, आणि गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुन्याच्या झुंबरांसारखे त्यांचे बारीक पांढरे तंतू रसात उतरत. चंबूला जरासा धक्का लागला तरी ते तंतू तुटून तळाशी बसत. मुद्दाम हलवून ते पाडायचे दिवस ठरलेले असत. एरवी पाच-सहा आठवडे चंबू निश्चल राहिले पाहिजेत. म्हणून, ज्या छपराखाली शंभर वर्षे मेजवान्या झडल्या होत्या आणि साहेब-मडमांची पावले वाद्यांच्या तालावर पडली होती, त्याच छपराखाली माणसे आता पुन्हा हलक्या पावलांनी आणि दबल्या आवाजात वावरू लागली.