कुणाचे देणे नसण्याचे सुख



कर्ज ही व्यवहाराची बाब, तिचा धम्माशी काय संबंध, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. विहारात वंदना आणि घरी व्यवहार, अशी आपण दोन खाती पाडून ठेवली आहेत. तथागतांनी अशी वाटणी केली नव्हती. श्रावस्तीचा गृहपती अनाथपिंडिक याला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. कष्टाने व न्यायाने मिळवलेले धन जवळ असणे हे पहिले. त्याचा योग्य उपभोग घेणे व त्यातून सत्कर्म करणे हे दुसरे. कुणाचेही थोडे किंवा फार देणे नसणे हे तिसरे. काया, वाचा आणि मनाने निर्दोष असणे हे चौथे. यातल्या तिसऱ्या सुखाला पालीत 'आणण्यसुख' म्हणतात. संघात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यालाही 'तू ऋणमुक्त आहेस ना?' असे विचारले जाते. ज्याच्या मानेवर सावकाराचा हात आहे, तो मोकळ्या मनाने धम्माच्या वाटेवर कसा चालणार?

शास्त्रांनी कर्जाचा निराळाच हिशेब शिकवला होता. माणूस देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच जन्मतो, असे ती सांगतात. हे कर्ज कुणी घेतले, कधी घेतले, याचा कागद नाही. फेड मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. तिने या खोट्या कर्जाची वही कायमची मिटवली. दारू न पिण्याची प्रतिज्ञाही त्यांतच आहे. नवसाचा बकरा, जागरण-गोंधळ, देवऋषी यांच्यापायी जाणारा पैसाही दीक्षेबरोबर सुटला.

आता मी आपणास विचारतो, तो सुटलेला पैसा गेला कुठे?

आपला विवाहविधी पाहा. तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्ती, फुले, त्रिशरण-पंचशील आणि दोन हार. एवढ्यात लग्न लागते. विधी इतका साधा असूनही आपल्या घरांवर लग्नाचे कर्ज का? कारण भटजी गेला, पण मांडव मोठा झाला. हुंडा, मानपान, दागिने, वाजंत्री, हजार पानांच्या पंगती हे सारे आपण मागच्या दाराने परत घरात घेतले. शेजारच्या आळीत होते तसे आपल्याकडे झाले नाही तर लोक काय म्हणतील, ही भीती अजून आपल्या मनातून गेलेली नाही.

जरा हिशेब करू. लग्नासाठी एक लाख रुपये शेकडा तीन रुपये महिना व्याजाने घेतले. महिन्याचे व्याज ३,००० रुपये, वर्षाचे ३६,०००. तीन वर्षांत १,०८,००० रुपये व्याज भरूनही मुद्दल जागच्या जागी उभे! लग्नाचे जेवण एका दुपारी संपले. त्याची किंमत नवरा-नवरीच्या मुलांनाही भरावी लागते. तथागतांनी हीच साखळी सांगितली आहे. दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली, हे खरे. पण ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेले कुटुंब हंगामाला गाव सोडते आणि आमच्या शाळेतले बाक रिकामे होते. 'शिका' या आदेशाच्या आड उचल येते, हे मी शिक्षक म्हणून पाहतो.

यावर कुणी म्हणेल, "गुरुजी, पोटालाच पुरत नाही, शिल्लक कुठून टाकू?" हा प्रश्न खरा आहे. आजारपणासाठी किंवा पेरणीसाठी ज्याला हात पसरावा लागतो, त्याला धम्म दोष देत नाही. कूटदंत सुत्तात तर शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकराला योग्य वेतन देणे हे राजाचे काम सांगितले आहे. धंद्यासाठी कर्ज घेऊन, ते फेडून, उरलेल्या पैशात बायकोमुलांना सांभाळणाऱ्या माणसाचा आनंदही तथागतांनी वर्णिला आहे. म्हणून शिलाई मशीन, शेळी किंवा मुलीचे शिक्षण यांसाठीचे कर्ज वेगळे आणि मांडवासाठीचे कर्ज वेगळे, एवढा विवेक तरी आपण ठेवू.

सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, चौथा आपत्तीसाठी. आपल्या मजुरीत पाव हिस्सा मागे टाकणे जमणार नाही. मग विसावा हिस्सा टाका, पण खर्चाच्या आधी टाका. पोस्टात महिना १०० रुपयांपासून पाच वर्षांचे आवर्ती ठेवीचे खाते उघडता येते. घरातल्या बाईचा बचत गट असेल तर तिच्या हातचा पैसा तिच्याच हातात राहू द्या. व्यग्घपज्जाला उपदेश करताना तथागतांनी तळ्याचा दाखला दिला आहे. पाणी येण्याच्या वाटा बुजवल्या आणि जाण्याच्या उघड्या ठेवल्या, वर पाऊसही नीट झाला नाही, तर तळे आटणारच. दारू, जुगार, बाहेरख्यालीपणा आणि वाईट संगत या जाण्याच्या वाटा आहेत. आज जुगार मोबाइलवर घरात आला आहे आणि त्याच मोबाइलवर झटपट कर्जही मिळते. दोन्हींपासून मुलांना जपा.

आणखी एक. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. कायदा आपल्या बाबासाहेबांचे शस्त्र. ते गंजू देऊ नका.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर पती, पत्नी आणि शिकणारी मुले एकत्र बसा. कुणाचे किती देणे आहे, ते न लपवता वहीत लिहा. जास्त व्याजाचे आधी फेडायचे ठरवा. वही मुलीच्या हाती द्या. ती शाळेत बेरीज-वजाबाकी शिकते आहे. ज्या दिवशी त्या वहीतली शेवटची रक्कम खोडली जाईल, त्या दिवशी अनाथपिंडिकाला सांगितलेले तिसरे सुख आपल्या झोपडीतही आलेले असेल.

जय भीम.