जाणणारा आणि ठरवणारा



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात अभ्यासकांची ये-जा नवी नाही. कुणी वाघ मोजतो, कुणी बांबू, कुणी माणसांची उंची आणि वजन. वही भरली की पाहुणा परततो. त्या वहीतून कुणाला पदवी मिळते, कुणाला योजना आखता येते. ज्यांच्या अंगणात बसून ती भरली, त्यांच्या हाती काय उरले? आम्हांला हा नीतीचा प्रश्न वाटतो.

धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव आहे. १९८७ च्या सुमारास चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल तेथे अभ्यासासाठी गेले. गावाकडून देवाजी तोफा पुढे आले आणि हळूहळू अभ्यासगटाची पद्धत रुजली. ज्या विषयाची गरज भासेल त्यावर गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात, वाचतात, वाद घालतात. मात्र अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने.

राज्य तत्त्वज्ञांच्या हाती असावे, असे प्लेटोने म्हटले आहे. सेमिनरीत आम्ही ते मोठ्या आवडीने शिकलो. तत्त्वज्ञान शिकणाऱ्याला ते आवडायचेच! पण निर्णय चुकला तर जाणकार दुसऱ्या गावी जातो, उजाड रानात राहायचे असते गावाला. ज्याला परिणाम भोगायचे आहेत त्याचा होकार वगळून केलेले भले आमच्या मते अपुरे भले आहे.

मेंढ्यात मधावरही असाच अभ्यास झाला. आग्या मोहोळाला आग लावून मध काढला की माश्या मरतात, पिल्ले मरतात, आणि पुढे फुलांचे परागीभवनही घटते. पोळ्यात मध एका वरच्या भागात असतो आणि पिल्ले खाली, हे जाणून नेमका मधाचाच भाग कापला तर पोळे वाचते. पोळ्याची रचना पुस्तकातून कळेल. पण कोणत्या झाडावर, कोणत्या फुलोऱ्यात, अंधारात कसे चढायचे हे चढणाऱ्यालाच ठाऊक. दोघांपैकी एकाचे ज्ञान कमी दर्जाचे, असे म्हणता येईल का?

याच अभ्यासाच्या बळावर गावाने वनहक्काचे कागद तयार केले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. सर्वसंमतीला वेळ लागतो, हे खरे. एकाचाही नकार असला तर विषय पुढे जातो. आपल्या धर्मग्राम परिषदेत हा नियम लावला तर बैठक कधी संपेल, याचा विचार न केलेलाच बरा.

पण सगळेच प्रश्न थांबू शकत नाहीत. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांवर काम केले. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी घेतली, गरज पडल्यास औषध-इंजेक्शन दिले. १९९९ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू हजारी ६२ वरून २५ वर आले. गावच्या बाईला काय कळते, असे म्हणणाऱ्यांना उत्तर मिळाले. २०११ मध्ये ही पद्धत देशभर आशा कार्यकर्त्यांकडे सोपवण्यात आली.

शेजारची ४७ गावे मात्र तुलनेसाठी होती. तेथे नेहमीची सरकारी सेवाच चालू होती, आणि मृत्यूचे प्रमाण हजारी साठच्या आसपासच राहिले. उपाय चालेल की नाही, हे सुरुवातीला कुणालाच ठाऊक नव्हते. तुलना नसती तर दिल्लीने ऐकले नसते आणि इतर राज्यांतली बाळे वाचली नसती. हे आम्ही मान्य करतो. म्हणून संशोधकांना दोष द्यायला आमची जीभ धजत नाही. तरीही देशभरातल्या त्या बाळांचे ऋण या ४७ गावांकडे जाते, आणि त्यांची नावे आपल्यापैकी कुणाला माहीत नाहीत.

मेंढ्याचा नियम येथे लावायचा म्हटला, तर तुलनेसाठी थांबणाऱ्या गावाचा होकार मागावा लागेल. दिवस भरत आलेल्या बाईसमोर तो कोणत्या शब्दांत मागायचा?