हबशाचे ऋण आणि वेळेचा सदका



जिंतूरच्या आमच्या मशिदीत एके रात्री इशाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्यापाशी येऊन बसला. आफ्रिकेतील मुलांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या एका छोट्या संस्थेचा हिशेब तो घरी बसून, एक पैसाही न घेता लिहितो. त्याच्या वडिलांनी त्याला विचारले होते, "आपल्या गल्लीतली पोरे शाळा सोडताहेत आणि तू समुद्रापारच्या पोरांचे हिशेब काय लिहीत बसलास?" तो मला म्हणाला, "इमामसाहेब, अब्बा चुकले असे म्हणवत नाही आणि हे काम सोडवतही नाही. मी काय करू?"

वडिलांचा प्रश्न कळकळीचा आहे आणि त्याला शरीयतचा आधारही आहे. सूरह निसामध्ये अल्लाहने आई-वडील, आप्तजन, अनाथ, गरजवंत आणि शेजारी यांच्याशी सद्‌वर्तनाची आज्ञा दिली आहे. हनफी फिकहनुसार आपल्या वस्तीतील गरजवंतांना डावलून जकात विनाकारण परगावी पाठविणे मकरूह आहे. मात्र तेथे आपले आप्त असतील किंवा गरज अधिक तीव्र असेल, तर हरकत नाही. ऐच्छिक सदक्याला तर याहून अधिक मोकळीक आहे. म्हणजेच धर्माने जवळच्यांचा हक्क आधी सांगितला, परंतु दूरच्यांसाठी दार बंद केले नाही.

आणि आफ्रिका आपल्याला खरोखर दूरची आहे काय? मक्केत श्रद्धावंतांचा छळ असह्य झाला, तेव्हा इ.स. ६१५ च्या सुमारास त्यांना पहिला आश्रय मिळाला तो हबशात. तेथील राजा नजाशीच्या दरबारात हजरत जाफर (रजि.) यांनी सूरह मरियमचे पठण केले आणि त्या न्यायी राजाने निर्वासितांना शत्रूच्या हवाली करण्यास नकार दिला. प्रेषित मुहम्मद (स.) यांना बालपणी सांभाळणाऱ्या हजरत उम्मे ऐमन (रजि.) हबशी होत्या, पहिले मुअज्जिन हजरत बिलाल (रजि.) हेही हबशी. सहीह बुखारीत एका चिमुकल्या मुलीची हकिकत आहे. उम्मे खालिद (रजि.) हिचा जन्म हबशातील निर्वासित कुटुंबात झाला होता. मदिनेत प्रेषितांनी (स.) तिला स्वतःच्या हातांनी एक नवे वस्त्र पांघरले आणि ते किती सुंदर आहे, हे तिला हबशी भाषेतील शब्दाने सांगितले. परदेशात जन्मलेल्या लेकराशी त्याच्या ओळखीच्या शब्दांत बोलणे, ही आपल्या प्रेषितांची (स.) रीत होती.

आपल्या मराठवाड्याचेही या भूमीशी नाते आहे. इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या मीर कासिम या धन्याने त्याला शिक्षण दिले. पुढे हाच मुलगा मलिक अंबर या नावाने अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने १६१० मध्ये वसविलेले खडकी हे नगरच पुढे औरंगाबाद झाले. खुलताबादला त्याची कबर आहे. वाचकहो, विकल्या गेलेल्या एका लेकराला कोणी अक्षर शिकविले नसते, तर?

आजही अशी लेकरे थोडी नाहीत. युनेस्कोच्या २०२२ च्या अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सुमारे ९ कोटी ८० लाख मुले व किशोर शाळेबाहेर होते. आणि इकडे आपल्या मराठवाड्यात दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला निघाले की कित्येक मुलांची दप्तरे खुंटीलाच राहतात. अज्ञान तेथे वेगळे आणि येथे वेगळे नसते.

आपण म्हणाल, "आमच्यापाशी पैसा नाही." बद्रच्या युद्धकैद्यांची गोष्ट आठवा. ज्यांच्यापाशी मुक्तिधन नव्हते, पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतील दहा-दहा मुलांना अक्षरओळख करून द्यावी, हेच त्यांचे मुक्तिधन ठरले. शिकविण्यात घालविलेल्या वेळेला तेव्हा धनाचे मोल मिळाले. आपल्या वेळेचाही सदका होऊ शकतो.

मात्र या सेवेचे काही शिष्टाचार आहेत. पहिला, अमानत: पै-पैचा हिशेब चोख आणि व्यवहार कायद्याला धरून असावा. जकातीचा पैसा इतर देणग्यांत मिसळू नये. दुसरा, लेकरांची लाज राखावी. सूरह बकरामध्ये उपकार बोलून दाखविणे व मन दुखविणे यांमुळे दान वाया जाते, असे बजावले आहे. मदत घेणाऱ्या मुलाचे छायाचित्र गावभर फिरविणे, हा त्याचाच आजचा प्रकार होय. तिसरा, सातत्य: अल्लाहला तेच कर्म अधिक प्रिय, जे थोडे असले तरी नित्य घडते, असे हदीसमध्ये आले आहे. संस्था छोटी आहे म्हणून तिला कमी लेखू नये.

त्या तरुणाला मी एवढेच म्हणालो, "हिशेब सोडू नकोस, पण अब्बांचा प्रश्नही हक्काचा आहे, त्याला तुझ्या आठवड्यात जागा दे." आता तो दोन दिवस मगरिबनंतर गल्लीतील मुलांना गणित शिकवितो. मुलांना घरोघरून हाक मारून आणतात ते त्याचे अब्बा.

वाचकहो, आपल्या आठवड्यातील कोणता तास आपण कोणत्या लेकराच्या नावे लिहिणार आहोत, हे आज रात्री घरात सर्वांनी मिळून ठरवावे. लाभदायक ज्ञानाचे पुण्य मृत्यूनंतरही थांबत नाही.

हे अल्लाह! आमच्या वेळेत बरकत दे, आमची नियत निर्मळ ठेव आणि जवळच्या व दूरच्या प्रत्येक लेकरासाठी ज्ञानाचे दार उघड. आमीन.