खोकला सापडला, खानेसुमारी राहिली

वार्षिकांकाच्या लेखक विशेष विभागासाठी तुम्ही दिलेले कागद मी अथपासून इतिपर्यंत वाचले. तुमच्यापैकी कितीजणांनी लिहून झाल्यावर ते एकदा तरी वाचले, हे विचारत नाही, कागदच बोलताहेत. एका विद्वानाने पहिल्या परिच्छेदात दस्तयेवस्कीला गोळ्यांपासून वाचवला, दुसऱ्यात सायबेरियात मारला आणि तिसऱ्यात त्याच्याकडून ‘ब्रदर्स करामाझफ’ लिहून घेतली. भुताने लिहिली का रे? बाकीच्यांनी हसू नका. तुमचेही कागद माझ्याच हातात आहेत.

शुद्धलेखनाचं आज काढत नाही, त्याला वेगळा तास लागेल. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. विषय होता लेखकाचं आयुष्य आणि त्याने मागे ठेवलेला वारसा. तुम्ही काय आणलंत? दस्तयेवस्कीचा जुगार, मंटोची बाटली, काफ्काची उदासी, चेखवचा खोकला आणि अण्णाभाऊंची दीड दिवसाची शाळा. लेखकाचं चरित्र म्हणजे सरकारी दवाखान्यातला केसपेपर वाटला का तुम्हाला? रोग आहे, तारीख आहे, शेवटी मृत्यू आहे. काम कुठे आहे? हा माणूस सकाळी उठून काय करायचा, घरभाडं कुठून भरायचा, लिहिलेलं किती फाडायचा, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही?

त्यात प्रत्येक लेखाच्या डोक्यावर एकेक सुविचार चिकटवलेला. कुठल्या पुस्तकातला, कुठल्या पत्रातला, पत्ता नाही. मोबाइलवर मावळत्या सूर्याच्या चित्राखाली आला म्हणून तो चेखवचा. आलेल्या वाक्याची पावती मागायची असते, एवढं तरी शेजारच्या वाणिज्य शाखेकडून शिका.

चेखवपासूनच सुरुवात करतो. त्याच्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने एकच प्रसंग रंगवलाय : मरताना तो शँपेन प्यायला. प्यायला, खरं आहे. जर्मनीतल्या बाडेनवायलरला, जुलै १९०४ मध्ये, आणि ती डॉक्टरांनी मागवली होती. वय ४४. त्या एका पेल्यावर तुम्ही दीड पान लिहिलंत. आधीच्या ४४ वर्षांना चार ओळी!

मग मी सांगतो. याचा आजोबा भूदास होता, पैसे भरून त्याने स्वतःची आणि पोराबाळांची सुटका करून घेतली. बापाचं तागानरोगमधलं दुकान १८७६ मध्ये बुडालं आणि बाप घेणेकऱ्यांना चुकवून मॉस्कोला पळाला. पाठोपाठ घरचेही गेले. सोळा वर्षांचा अंतोन शाळा पुरी करण्यासाठी एकटा मागे राहिला, शिकवण्या करून पोट भरत होता आणि त्यातूनही मॉस्कोला पैसे पाठवत होता. पुढे वैद्यकीय शिक्षण. ते चालू असताना विनोदी साप्ताहिकांना टोपणनावाने ढीगभर मजकूर, कारण घर त्याच्यावर चालायचं. १८८४ मध्ये तो डॉक्टर झाला. त्याच वर्षी खोकल्यातून पहिल्यांदा रक्त पडलं. तुमचा आवडता खोकला तो हाच. पण त्यानंतर हा माणूस वीस वर्षं काय करत होता?

१८८६ मध्ये त्याला ग्रिगोरोविच नावाच्या बुजुर्ग लेखकाचं पत्र आलं. तुझ्यात खरी प्रतिभा आहे आणि तू ती घाईघाईत उधळतो आहेस, असा त्याचा आशय. म्हणजे कानउघाडणी त्याचीही झाली होती. ‘सरांना नवी पिढी कळत नाही’ असं त्याने कुठल्या ग्रुपवर टाकलं नाही. उलट टपाली कबूल केलं की आजवर एकाही कथेला आपण एका दिवसापेक्षा जास्त वेळ दिलेला नाही. आणि मग खरोखरच वेग कमी केला. ‘स्तेप’ ही लांब कथा १८८८ मध्ये आली, ती आणि आधीचं सटरफटर लेखन शेजारी ठेवून वाचा. फरक मी सांगणार नाही, तुम्ही शोधायचा.

पण मला ज्याच्यासाठी तुमचे कान धरायचे आहेत ती गोष्ट १८९० ची. रशियाच्या पार पूर्वेला साखालिन बेट आहे. झार तिथे जन्मठेपेचे कैदी पाठवायचा. सायबेरिया ओलांडणारी रेल्वे तेव्हा नव्हती. फुप्फुसं पोखरलेला हा तिशीचा डॉक्टर घोडागाडीने, होडीने, चिखल तुडवत सुमारे तीन महिने प्रवास करून तिथे पोचला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. तिथे त्याने कार्डं छापून घेतली आणि झोपडी झोपडी फिरून खानेसुमारी केली : नाव, वय, धर्म, जन्मगाव, बेटावर कुठल्या साली आला, अक्षरओळख आहे का, आजार कोणता. तीन महिन्यांत सुमारे दहा हजार माणसांची नोंद. परत येऊन त्या बेटावर पुस्तक लिहिलं, ज्यात कथाकाराचं लालित्य मुद्दाम बाजूला ठेवलंय. आकडे, शिक्षा, भाकरीचं वजन, मुलांचे हाल. त्यातली लहान मुलांवरची पानं वाचलेला माणूस चेखवच्या पुढच्या कथांत कुणी रडत का नाही, हे विचारणार नाही.

त्यानंतर त्याने मेलिखोव्होला घर घेतलं. १८९२ मध्ये कॉलरा दाराशी आला तेव्हा पंचवीस खेड्यांचा डॉक्टर म्हणून बिनपगारी राबला. आसपास तीन शाळा बांधून दिल्या. लेखन चालूच. आणि तुमच्या लेखात काय? ‘क्षयाने ग्रस्त हळवा कलावंत’. हळवा! पंचवीस गावांत कॉलऱ्याची व्यवस्था लावणारा माणूस हळवा असतो का? तो हिशेबी होता, वेळेचा कंजूष होता, आणि ते तुम्हाला नको असतं. कारण मग तुम्हालाही वेळेचा हिशेब द्यावा लागेल.

आता दस्तयेवस्की. ‘जुगाराच्या धुंदीतून त्याला कादंबरी सुचली’ असं जिने लिहिलंय, तिने उभं राहायचं कारण नाही, बसूनच ऐक. १८६४ मध्ये याची बायको वारली, त्याच वर्षी मोठा भाऊ मिखाईल गेला. भावाची देणी आणि भावाचा संसार याने अंगावर घेतला. मासिक चालवत होता, ते वर्षभरात बंद पडलं. या अडचणीत स्टेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाने ३,००० रूबल पुढे केले आणि करारात कलम घातलं : १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची ९ वर्षं तू जे लिहिशील ते मी फुकट छापणार. इकडे ‘क्राइम अँड पनिशमेंट’ मासिकातून हप्त्याहप्त्याने चाललेली. ऑक्टोबर उजाडला तरी नव्या कादंबरीचं एक पान नाही. मित्र म्हणाले, आपण प्रकरणं वाटून घेऊ, सगळे मिळून लिहून देऊ. त्याने साफ नाकारलं. दुसऱ्याने लिहिलेल्यावर मी माझं नाव घालणार नाही, असं त्याचं म्हणणं. ज्या दोघांचे लेख स्वल्पविरामापर्यंत सारखे आहेत, त्यांच्यासाठी हे मी पुन्हा सांगू शकतो. मान वर करा.

४ ऑक्टोबरला अन्ना ग्रिगोऱ्येव्हना ही वीस वर्षांची लघुलेखिका कामावर आली. त्याने रात्री टिपणं काढायची, दुपारी सांगायचं, तिने घरी नेऊन रातोरात स्वच्छ प्रत करून आणायची. २६ दिवसांत ‘द गॅम्बलर’ पुरी. ती पोचवायला गेले तर स्टेलोव्स्की मुद्दाम गावाला गेलेला आणि त्याचा कारकून बाड घेईना. शेवटी पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली. जुगाऱ्याची कादंबरी अशी लिहिली गेली : लाल दिव्यांत नाही, मुदतीत. चाकावर गरगरणारी गोटी त्याने पाहिली होती, हरला होता, सगळं खरं. तसे हरलेले हजार लोक युरोपभर हिंडत होते. त्यांच्यातल्या किती जणांनी पुढे बसून चार तास सलग मजकूर सांगितला?

लग्नानंतर परदेशात तो पुन्हा खेळला. अन्नाचे कपडे, कानातली गहाण पडली. तुमच्यातला एखादा हुशार उठून म्हणेल, सर, ‘इडियट’ त्याच काळातली आहे. आहे, मीच सांगतो. पण ती त्याने हरलेल्या रात्रींमुळे लिहिली नाही, त्या रात्री असूनही लिहिली, आणि पहिली मुलगी जिनिव्हात तान्ही असतानाच गेली, त्या वर्षीही लिहीत राहिला. १८७१ मध्ये जुगार सुटला तो कायमचा. ‘करामाझफ’ त्यानंतरची. व्यसन सोडल्यावर प्रतिभा आटते, हे तुमचं प्रमेय आता कुठल्या वहीत मांडू?

आणि अन्ना! तिला तुम्ही ‘त्यांची पत्नी’ असं अर्ध्या ओळीत उरकलंत. ‘डेमन्स’ १८७३ मध्ये नवरा-बायकोने स्वतः घरून प्रकाशित केली. कागद, छपाई, विक्रेते, सूट, हे सगळं अन्नाने पाहिलं आणि सावकार एकेक करून मिटवले. १८८१ मध्ये तो गेला तेव्हा ती ३४ वर्षांची होती. दुसरं लग्न केलं नाही. समग्र आवृत्त्या काढल्या, हस्तलिखितं, पत्रं, त्याच्यावर छापून आलेलं सगळं गोळा केलं आणि १९०६ मध्ये त्याची जाडजूड सूची छापली. वारसा म्हणून जो काही विषय मी दिला होता, तो हा होता. आपल्याकडे बहिणाबाईंच्या गाण्यांचं तेच. शेतात, जात्यावर म्हटलेली ती गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी कागदावर उतरवली, वही अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये, बाई गेल्यावर वर्षभराने, पुस्तक निघालं. वही धरणारा हात नसता तर आज तुम्ही बहिणाबाईंच्या ‘निसर्गदत्त प्रतिभे’वर कशाच्या जोरावर लिहिलं असतं?

काफ्कावाल्याला थोडक्यात. ‘कार्यालयाने त्याचा आत्मा मारला’ म्हणे. प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत तो १९०८ पासून १९२२ पर्यंत नोकरीला होता आणि चांगला अधिकारी होता. लाकूड रंधणाऱ्या यंत्रात कामगारांची बोटं कशी तुटतात आणि ती कशी वाचवता येतील, यावर त्याने लिहिलेला अहवाल आहे. कंटाळायचा, कुरकुरायचा, डायरीत नोकरीला शिव्या घालायचा. आणि २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहाला बसून सकाळी सहापर्यंत एक अख्खी कथा एका बैठकीत लिहून उठला. तुम्हाला नोकरी नाही, यंत्र नाही, सकाळचं कार्यालय नाही. तुमचा आत्मा कोणी मारला?

मंटोवर मी फार बोलत नाही, कारण सिनेमा पाहून लिहिलेलं मला लगेच ओळखू येतं. अश्लीलतेचे सहा खटले, तीन फाळणीआधी, तीन नंतर. लाहोरला वर्तमानपत्रांना, मासिकांना रोजच्या पैशांसाठी कथा दिल्या, बऱ्याचदा एका बैठकीत. १८ जानेवारी १९५५ ला दारूने त्याला संपवलं तेव्हा तो ४२ वर्षांचा होता, मागे बायको सफिया आणि तीन मुली. यात तुम्हाला मिरवण्यासारखं काय दिसलं ते सफियाला जाऊन सांगायची हिंमत आहे का?

अण्णाभाऊंकडे मात्र थांबावंच लागेल, कारण तिथे तुमचा लबाडपणा उघडा पडलाय. ‘दीड दिवस शाळेत जाऊनही महान साहित्यिक, म्हणजे शिक्षण गरजेचं नाही.’ हे वाक्य कॉलेजच्या बाकावर बसून, वडिलांनी भरलेल्या फीवर लिहिलंय! अरे, त्यांनी शाळा सोडली की शाळेने त्यांना सोडलं? १९२० मध्ये वाटेगावच्या मांग घरात जन्मलेल्या पोराला शाळेत काय मिळालं असेल, हे तुम्हाला ठाऊक नाही का? तो पोरगा घरच्यांबरोबर वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी आला. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरं शिकला. गिरणीत राबला, लोकनाट्याचा फड उभा केला, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत बसून लिहीत राहिला. ‘फकिरा’ १९५९ ची, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली, आणि १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. कथा, पोवाडे, लावण्या, तिसावर कादंबऱ्या, रशियाचं प्रवासवर्णन. ४८ वर्षांच्या आयुष्यात. शिक्षण त्यांनी टाळलं नाही. शिक्षण नाकारलं गेलं आणि त्यांनी ते रस्त्यावरून ओढून आणलं. त्यांच्या वंचनेचा तुम्ही तुमच्या आळसासाठी दाखला दिलात, याची मला लाज वाटते. तुम्हाला वाटली तर बरं.

नव्याने लिहायचंय. मृत्यू पहिल्या पानावर नको, जमल्यास शेवटच्याही नको. प्रत्येकाने लेखकाचं निदान एक पुस्तक पूर्ण वाचायचं आणि त्यातलं कुठलं पान त्याला सर्वांत अवघड गेलं असेल ते स्वतःच्या बुद्धीने ठरवून सांगायचं. माहिती जिथून घेतली ते लेखाखाली लिहायचं, सुविचार पूर्ण बंद. शँपेनवाल्यांनी साखालिनवर लिहायचं. सारख्या लेखांच्या जोडीने एक जण दस्तयेवस्की आणि एक जण अन्ना, आणि वेगवेगळ्या बाकांवर बसून.

मुदत पुढच्या महिन्याची पहिली तारीख, दुपारी चार. मी तेव्हा गावाला गेलो असेन. लेख कार्यालयातल्या कारकुनाकडे द्यायचे, तो घेईल, त्याला सांगून ठेवलंय. तेव्हा पोलीस ठाण्याची सबब चालणार नाही.