पगार नसलेल्या घराचं बजेट

बचतीचे बहुतेक सल्ले एक तारखेला पगार होणाऱ्यांसाठी असतात. परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीत कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घराला ती एक तारीखच नाही. पैसा येतो सोयाबीन काढल्यावर, दसरा-दिवाळीच्या आगेमागे. मग कापूस वेचेल तसा, शेवटी तूर. किराणा, दवाखाना, पोरांचे क्लास मात्र बारमाही.

अशा घराचा खरा कस जूनमध्ये लागतो. मागच्या मालाचा पैसा संपलेला असतो आणि बियाणं, खत, वह्या-पुस्तकं, शाळेची फी एकदमच दारात उभी राहतात. म्हणून इथलं नियोजन महिन्याचं नाही, हंगामाचं हवं. दिवाळीत हाती आलेल्या रकमेतून पुढच्या जूनचा वाटा आधी वेगळा काढून बँकेत ठेवायचा आणि उरलेल्यात वर्ष बसवायचं. सांगायला सोपं आहे, करायला अवघड, कारण त्याच दिवाळीत मागची उधारीही फेडायची असते.

ही उधारी नेमकी किती महाग पडते, हे एकदा कागदावर मांडायलाच हवं. धरा, वीस क्विंटल सोयाबीन घरात आहे आणि भाव चार हजार. 2024-25 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये होता, तरी अनेक बाजारांत भाव चार हजारांच्या आसपासच घुटमळत राहिला. पैशाची नड म्हणून माल लगेच विकावा, तर हातात ऐंशी हजार. माल ठेवून सावकाराकडून महिना शेकडा तीननं साठ हजार उचलले, तर सहा महिन्यांचं व्याज 10,800 रुपये. तोच माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून शेतमाल तारण योजनेत किमतीच्या 75 टक्के कर्ज घेतलं, तर वार्षिक सहा टक्के दरानं साठ हजारांवर सहा महिन्यांचं व्याज होतं 1,800. फरक नऊ हजारांचा! पुढे भाव वाढेलच याची हमी कुणी देऊ नये. पण पडत्या भावात विकायची सक्ती तरी टळते.

पीककर्जाचंही तसंच. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं, तर राज्यात ते शून्य टक्के व्याजानं पडतं. 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्यांनी अनेक घरं सावरली, हे खरंच. पण पुढच्या माफीच्या आशेवर खातं थकलं, की बँकेचं नवं कर्ज अडतं आणि वाट पुन्हा सावकाराच्या ओसरीवर जाते.

विम्यावर सगळा भार टाकण्यासारखीही स्थिती राहिलेली नाही. 2023 मध्ये सुरू झालेला एक रुपयातला पीकविमा 2025 च्या खरिपात बंद झाला. सोयाबीनला विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता आला, भरपाईही पीककापणी प्रयोगातल्या उत्पादनावर ठरू लागली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मराठवाड्यातली उभी पिकं पाण्याखाली गेली. भरपाई मंजूर झाली तरी घरात पैसा लगेच लागतो, आणि तो स्वतःच्या खात्यातूनच काढावा लागतो.

म्हातारपणाचा विचार तर सगळ्यांत मागे पडतो. अटल पेन्शन योजनेत तिशीतल्या माणसाला साठीनंतर दरमहा पाच हजारांसाठी महिना 577 रुपये भरावे लागतात. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर तीस वर्षांनी त्या पाच हजारांत आजच्या पावणेनऊशे रुपयांचाच बाजार होईल. म्हणजे एवढ्यावर भागणार नाही, जोडीला आणखी काही हवंच. तरी या योजनेची एक सोय शेतकऱ्याच्या फार कामाची आहे: हप्ता दरमहाच भरला पाहिजे असं नाही, सहामाहीही भरता येतो. त्यातला एक हप्ता सोयाबीनच्या पैशातून आणि दुसरा तुरीच्या पट्टीतून सहज निघतो.