पाच पिंडांचे ऋण

ज्याने इतर सर्व पदार्थांची शुद्धी करावयाची ते पाणीच मलिन झाले, तर त्याची शुद्धी कशाने करावी, हा प्रश्न वरवर पाहता नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचा वाटला, तरी आपल्या स्मृतिकारांनी आणि निबंधकारांनी तो धर्माचा प्रश्न मानून त्याचा विचार केलेला आहे. आणि कृष्णाकाठच्या ज्या मुलखात एकीकडे वाईच्या प्राज्ञपाठशाळेने धर्मकोशाचे प्रचंड कार्य हाती घेतले व दुसरीकडे गावोगावची तळी भाद्रपदानंतर हिरवी पडत गेली, त्या सातारा-सांगलीच्या मुलखात तरी तो पुन्हा एकदा मांडून पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

मिरजेच्या मध्यवस्तीतील गणेश तलाव घ्या. तेथील अनंत चतुर्दशीची मिरवणूक चोवीस तासांनीही आटोपत नाही, अशी तिची ख्याती आहे. त्या मिरवणुकीच्या अखेरीस पाण्यात जे जे जाते, म्हणजे मूर्ती, दूर्वा, हार, पत्री, गुलाल, खिरापत, ते सर्व भक्तिभावानेच जाते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पाणी भाव जाणत नाही. ते द्रव्य जाणते. कुजणाऱ्या फुलापानांतून नत्र व स्फुरद सुटते, त्यावर आश्विनातले ऊन पडते, पाण्याला वाहण्यास वाट नसते, आणि मग डोळ्यांना दिसूही नयेत अशा सूक्ष्म वनस्पती इतक्या संख्येने वाढतात की, साऱ्या पाण्याचा रंगच पालटतो. दिवसा या वनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात खऱ्या. पण रात्री त्याही श्वासासाठी तोच वायू घेतात, आणि त्यांचे मृत थर तळाशी कुजताना उरलासुरला खर्च करतात, म्हणून मासे तडफडून वर येतात ते बहुधा पहाटे. उपाशी पाण्यात शेवाळ माजत नाही. माजते ते पोसलेल्या पाण्यात, आणि ज्याला आपण अर्पण म्हणतो तेच त्याचे पोषण असते, ही या प्रकरणातील पहिली अडचणीची गोष्ट आहे.

येथे एक गोष्ट न्यायाने नोंदली पाहिजे. भाविकांना उपदेश करणे सोपे असते, कारण ते वर्षातून एकदा, वाजतगाजत आणि सर्वांसमक्ष पाण्यात काही टाकतात; सांगलीचा शेरी नाला मात्र वर्षाचे बारा महिने, कोणताही मंत्र न म्हणता, शहराचे सांडपाणी कृष्णेत ओतीत आला, आणि त्याच्या काठी उभे राहून कोणी प्रवचन केल्याचे ऐकिवात नाही. निर्माल्याचा दोष मोजताना नाल्याचा दोष विसरणे हा अविवेकच होय. तथापि नाल्याने कधी धर्माची सबब सांगितलेली नाही. निर्माल्य ती सांगते, म्हणून धर्माच्या कसोटीवर घासून पाहायचे ते निर्माल्यच.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. पाण्यात मलमूत्र करू नये, थुंकू नये, हा मनूचा निषेध सर्वांना ठाऊक आहे. पण त्याहून मार्मिक असा एक नियम याज्ञवल्क्याने सांगितला आहे, आणि तो फारसा कोणाच्या स्मरणात नाही: दुसऱ्याने बांधलेल्या तळ्यात स्नान करावयाचे असेल, तर आधी त्यातून मातीचे पाच पिंड बाहेर काढावे आणि मगच पाण्यात उतरावे. मनूने परक्याच्या तळ्यातील स्नानाचा जो निषेध केला त्याचे कारण असे दिले आहे की, त्या स्नानाने तळे बांधणाऱ्याच्या पापाचा अंश स्नान करणाऱ्यास लागतो. आज हे कारण कोणी मान्य करो वा न करो, नियमाची रचना मात्र विचार करण्याजोगी आहे. जो जलाशयाचा उपभोग घेतो त्याने उपभोगापूर्वी, स्वतःच्या हातांनी, तळाचा गाळ थोडा तरी वर आणला पाहिजे. पाच पिंडांनी तळे स्वच्छ होत नाही, हे त्या स्मृतिकारास कळत नव्हते असे मानणे बालिशपणाचे होईल. परंतु गावातील शे-दोनशे माणसे रोज स्नानास येत असतील, तर वर्षाच्या हिशेबात तो गाळ काही थोडा होत नाही, आणि विशेष म्हणजे त्यासाठी सरकारी तगाई लागत नाही की मामलेदार कचेरीत अर्ज करावा लागत नाही.

या नियमाची दुसरी बाजू जलाशयोत्सर्गाच्या विधीत आहे. विहीर, तळे, आराम ही 'पूर्त' कर्मे. ती करणाऱ्याने बांधकाम पुरे झाल्यावर ते पाणी सर्व प्राणिमात्रांसाठी सोडून द्यावयाचे असते. दानात घेणारा ठरलेला असतो. उत्सर्गात तसा कोणी ठरलेला नसतो. बांधणाऱ्याचे स्वामित्व सुटते, आणि त्यानंतर तोही त्या पाण्यावर येतो तो मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून. साताऱ्याजवळ लिंब येथे थोरल्या शाहू महाराजांच्या कारकिर्दीत विरूबाई भोसले यांनी बांधविलेली बारामोटेची विहीर ज्यांनी पाहिली असेल, तिचे अष्टकोनी तोंड, पायऱ्यांवरून उतरत जाणारा मार्ग, पाण्यावर उभारलेला तो छोटा महाल आणि शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, हा काळ नोंदणारा शिलालेख ज्यांनी न्याहाळला असेल, त्यांना पूर्तकर्माची ऐट कळण्यास ग्रंथांची गरज नाही. मात्र अशा वास्तूंच्या बाबतीत आमची एक खोड आहे. बांधणाऱ्याचे नाव दगडावर कोरले जाते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मोटा चालवून ते पाणी खेळते ठेवले त्यांचे नाव ना शिलालेखात ना दप्तरात. मोटा थांबल्या, उपसा थांबला, पाणी साचले, आणि साचलेले पाणी हिरवे झाले. यात गूढ असे काहीच नाही.

मग प्रश्न असा की, ज्या परंपरेत गाळ काढणे हे स्नानाचे अंगच मानले होते, तिच्या अनुयायांना पाण्याची शुद्धी म्हणजे पाण्यात आणखी काही ओतणे, असे का वाटू लागले? याचे उत्तर देताना महाडचे चवदार तळे टाळता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्याले. साताऱ्याच्या सरकारी शाळेत शिकत असताना, शिपायाने वरून ओतल्याखेरीज ज्या मुलाला पाणी मिळत नसे, तोच हा विद्यार्थी. सत्याग्रहानंतर गावातील सनातन्यांनी त्या तळ्याची 'शुद्धी' केली, ती कशी? दही, दूध, शेण व गोमूत्र यांच्या मिश्रणाने भरलेल्या १०८ घागरी मंत्रघोषात पाण्यात सोडून. माणसाच्या ओंजळीने जे तळे विटाळले असे मानले, ते शेणाने पवित्र झाले. आणि उत्सर्गाने सर्व प्राणिमात्रांसाठी पाणी सोडावयास सांगणाऱ्या शास्त्राचे नाव घेऊनच हे घडले. चवदार तळ्याचे प्रकरण मूलतः न्यायाचे व माणुसकीचे आहे, आणि केवळ जलशुद्धीच्या चर्चेत त्याला कोंबणे मला अनुचित वाटते. पण प्रस्तुत मुद्द्यापुरते एवढे त्यातून स्पष्ट दिसते की, पावित्र्य हा पाण्याचा गुण न राहता काही माणसांचा अधिकार बनला की, शुद्धीचा विधी पाण्याच्या दशेकडे पाहण्याचेही सोडून देतो. त्या घागरींनंतर पाणी पूर्वीपेक्षा निर्मळ होते काय, हा प्रश्न विधी करणाऱ्यांच्या मनास शिवण्याचे कारणच नव्हते.

ही वृत्ती केवळ जुन्यांचीच आहे असे समजून आधुनिकांनी खूष होऊ नये. हिरव्या पडलेल्या तळ्यात मोरचूद टाकून, ब्लीचिंग पावडरची पोती रिकामी करून आणि तुरटी फिरवून जी शुद्धी केली जाते, तिचेही स्वरूप पुष्कळदा त्या घागरींच्या कुळातलेच असते. मोरचुदाने शेवाळ मरते. मेलेले शेवाळ तळाशी जाते. तेथे कुजून ते पुन्हा तेच नत्र-स्फुरद पाण्याला परत करते, आणि काही दिवसांनी नवी पिढी जुन्याच्या प्रेतावर पोसली जाते. ब्लीचिंग पावडरमधील क्लोरीन उन्हात झपाट्याने उडून जातो, आणि जो राहतो तो पाण्यातील सेंद्रिय मळाशी झुंजण्यातच खर्ची पडतो. पाचगणी-महाबळेश्वराकडे बंगल्यांच्या आवारात पोहण्याचे तलाव राखणारा चांगला माळी हे अनुभवाने जाणतो: तो पडलेली पाने आधी जाळीने काढतो, भिंती ब्रशने खरवडतो, गाळणयंत्र चालू ठेवतो, आणि औषध टाकतो ते उन्हे उतरल्यावर. त्याने याज्ञवल्क्य वाचलेला नसतो. तरी आधी काढणे व मग टाकणे हा त्याचा क्रम स्मृतीला धरून आहे, आणि पोती रिकामी करणाऱ्या विद्वान अभियंत्याचा तसा असतोच असे नाही.

येथे सांगली भागातील जैन श्रावकाची एक शंका विचारात घेतली पाहिजे, कारण ती या साऱ्या चर्चेच्या मुळाशी जाते. जैन ग्रंथांच्या वर्गीकरणात शेवाळ हे साधारण वनस्पतीत मोडते. म्हणजे त्याच्या एकेका देहात अनंत जीव नांदतात. जो श्रावक पाणी दुहेरी वस्त्राने गाळतो, आणि वस्त्रावर राहिलेले सूक्ष्म जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीतून पाणी काढले त्याच विहिरीत हळुवारपणे परत पोहोचवितो, त्याने तळ्यात मोरचूद टाकणे म्हणजे केवढी हिंसा! ही शंका हसण्यावारी नेणाऱ्यांनी ती समजून घेतलेली नसते. दिगंबर परंपरा गृहस्थाच्या बाबतीत संकल्पी हिंसा, आरंभी हिंसा असे भेद करते. मारण्याच्याच हेतूने मारणे त्याला सर्वथा वर्ज्य, पण घरसंसाराच्या व्यवहारात अपरिहार्यपणे घडणारी हिंसा तो यत्नाने कमी करू शकतो, पुरती टाळू शकत नाही. या न्यायाने तळे साफ करणे त्याला वर्ज्य ठरत नाही. परंतु याहून महत्त्वाचे सूत्र दुसरेच आहे: हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे बेसावधपणात आहे. ज्याने आपल्या बेफिकिरीने पाण्यात अन्न टाकून अनंत जीव उपजविले, आणि मग ते डोळ्यांना खुपू लागले म्हणून त्यांचा संहार करण्याची तजवीज केली, त्याच्या खाती हिंसा दोनदा लिहिली जाते. आणि पहिली नोंद मोरचुदाच्या दिवशीची नाही, हाराच्या दिवशीची आहे. वैदिक व जैन हे दोन मार्ग एरवी कितीही भिन्न असोत, येथे एकाच माणसाकडे बोट दाखवितात, आणि तो माणूस तळे साफ करणारा नसून वापरणारा आहे.

वेदान्त्याचे म्हणणे मात्र निराळे पडते. निवळीचे बी उगाळून गढूळ पाण्यात टाकले असता गाळ खाली बसतो, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक होते. मनूने या बीचा दाखला देऊन बजावले की, त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही; आणि आत्मबोधात आचार्यांनी ज्ञानाला त्याच्या चूर्णाची उपमा दिली, कारण ते मळ खाली बसवून स्वतःही नाहीसे होते. उपमा सुंदर आहे, आणि दृष्टान्त एकदेशी असतो, तो सर्वांगांनी ताणू नये, हेही मान्य. पण तळ्याच्या काठावर उभे राहिले की, मन थोडे कुरकुरतेच. गाळ खाली बसला, म्हणजे गेला का? घागरीतले वरचे पाणी ओतून घेणाऱ्यास तेवढे पुरते. ज्याला त्याच पाण्यात उतरायचे आहे त्याचे पहिलेच पाऊल तो गाळ ढवळून काढते. व्यवहारात तरी निवळीपेक्षा पाच पिंडांचा नियम एक पायरी पुढचा आहे, असे मला वाटते, आणि चित्तशुद्धीच्या गोष्टी करणाऱ्या आम्हा लोकांपैकी बहुतेकांची शुद्धी ही निवळीची असते, पिंडांची नसते.

यावर असे कोणी विचारील की, आज गणेश तलावात स्नान करतो कोण? जर उपभोगच नाही, तर ऋण कोणाचे? हा आक्षेप सूक्ष्म आहे, पण टिकणारा नाही. पाण्यात उतरणे हा उपभोग, तर पाण्यावर भार टाकणे हाही उपभोगच. किंबहुना तो अधिक मोठा, कारण स्नान करणारा बाहेर तरी येतो. गणेशचतुर्थीचे पूजन हे पार्थिव पूजन आहे. मूर्ती मातीची असावी आणि ती मातीत मिळून जावी, हा त्यातील आशय. प्लास्टरची मूर्ती ही अट मोडते, आणि शाडूची मूर्तीही तळाचा गाळ वाढवितेच. सांगलीच्या गणपती मंदिरात 'चोर गणपती' म्हणून कागदाच्या लगद्याची जी मूर्ती बसवितात, तिचे विसर्जन होत नाही. तेव्हा परंपरेला पर्याय सुचत नव्हता असे नाही. साताऱ्यात मंगळवार तळ्याऐवजी कृत्रिम तळ्यात मूर्ती नेण्याची वहिवाट पडली, तीही योग्यच. फक्त तिने जुन्या तळ्यांवरचे पूर्वीचे देणे फिटले असे मात्र होत नाही. ते तळाशी, थर धरून, जागच्या जागी आहे.

म्हणून विसर्जनाचा संकल्प ज्या मंडळांनी सोडायचा, त्यांनी त्यातच गाळाच्या उद्धरणाचाही संकल्प सोडावा, आणि नेलेल्या मूर्तीच्या वजनाइतका तरी गाळ उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर, घमेल्यांनी वर काढून शेतकऱ्यास द्यावा, असा निर्णय एखाद्या धर्मसभेने दिला, तर त्यात अशास्त्रीय काय आहे ते मला दिसत नाही. याज्ञवल्क्याने स्नानास पाच पिंड सांगितले. वीस फुटी मूर्तीस किती, हे गणित शास्त्र्यांनी करावे. मुहूर्त विचारला गेलाच, तर वैशाखातील कोणताही कोरडा दिवस चालावा.